नांव, जागा आणि किंमत

अकोला आणि अकोले या दोन नांवांत अंतर आहे तें एका मात्रेचें. नकाशावर मात्र तें शेंकडों मैलांचें आहे. अकोला हें वऱ्हाडांतील जिल्ह्याचें शहर. अकोले हें सह्याद्रीच्या कुशींत, प्रवरेच्या कांठीं वसलेलें, अगस्ति ऋषींच्या आश्रमामुळें प्रसिद्ध असलेलें तालुक्याचें गांव. त्यांत आणखी भर अशी कीं, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्याचा जो खंड १८८४ सालीं निघाला, त्यांत या अकोल्याचेंहि नांव ‘अकोला’ असेंच छापलेलें आहे. पाकिटावर एक मात्रा चुकली तर टपालखात्यांतील जाणता मनुष्य जिल्ह्याचें नांव पाहतो, पिनकोड पाहतो आणि पत्र योग्य त्या गांवीं धाडतो. संगणकाजवळ हा जाणतेपणा नसतो. त्याला जें नांव सांगितलें तेंच तो जाणतो. त्याच्याशीं मिळतेंजुळतें नांव त्याच्या लेखीं सर्वस्वीं परकें असतें. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या शिकूं लागलेल्या विद्यार्थ्याची पहिली फजिती बहुधा येथेंच होते.

या विद्येंत ‘व्हेरिएबल’ म्हणजे ‘चल’ नांवाची एक वस्तु आरंभींच भेटते. तिचें स्वरूप समजण्यास अकोले तालुक्यांतीलच एक उदाहरण पुरेसें आहे. प्रवरा नदीवर भंडारदरा येथें १९२६ सालीं एक मोठें धरण पुरें झालें. त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नांवावरून त्यास विल्सन धरण म्हणूं लागले. त्याची साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. परंतु धरणांत आज पाणी किती, या प्रश्नाचें उत्तर रोज निराळें. वैशाखांत तें तळाशीं गेलेलें असतें, श्रावणांत कांठोकांठ असतें. ‘भंडारदऱ्याचा साठा’ हें नांव स्थिर. ज्या पात्रांत पाणी राहतें ती जागाहि स्थिर. आणि त्या नांवानें सांगितला जाणारा आंकडा मात्र बदलता. नांव, जागा आणि किंमत या तीन गोष्टी मिळून चल होतो. नवशिक्याच्या बहुतेक चुका या तिहींची गल्लत झाल्यामुळें होतात, आणि ही गल्लत त्याच्या एकट्याच्या मंदपणाची नसते. आठशें वर्षांहून अधिक काळ गणितांत रूढ झालेली एक कल्पना गेल्या शतकांत यंत्रांत शिरली, तेव्हां तिचा वेष जुनाच राहिला आणि अर्थ मात्र पालटला. तो पालट कसा झाला हें पाहिलें, म्हणजे चुका कोठें होतात आणि त्या कशा शोधाव्या हें आपोआप उमगतें.

सह्याद्रीशीं नातें सांगणाऱ्या भास्कराचार्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ शके १०७२ म्हणजे इसवी सन ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचला. चाळीसगांवजवळच्या पाटण येथील शिलालेखांत त्यांच्या वंशाची माहिती आहे, आणि तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ भागांत न कळलेल्या राशीस ‘अव्यक्त’ म्हटलें आहे. पहिल्या अव्यक्ताचें नांव यावत्तावत्, म्हणजे ‘जितकें असेल तितकें’. एकाहून अधिक अव्यक्तें आलीं तर त्यांना रंगांचीं नांवें: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहितांना केवळ आद्याक्षर घेत. ‘या ३ रू ५’ म्हणजे तीन यावत्तावत् आणि पांच रूपें. रंगांचीं नांवें वापरण्याची ही पद्धत त्यापूर्वीं पांच शतकें, ६२८ सालच्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथांतहि आढळते. समीकरणाच्या दोन बाजू एकाखालीं एक मांडीत. ‘बरोबर’ असें चिन्ह त्यांना लागत नसे.

या अव्यक्ताचा एक गुण ध्यानांत धरावयास हवा. तें ठाऊक नसतें, पण तें बदलत नाहीं. गणित सोडवून यावत्तावत् पांच निघालें, तर तें आरंभापासून पांचच होतें. केवळ पडद्याआड होतें. युरोपांतहि हीच समजूत होती. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्यानें १५५७ सालीं समतेसाठीं दोन समांतर रेघांचें चिन्ह योजिलें, कारण समांतर रेघांहून अधिक सारख्या दोन वस्तु त्यास सुचेनात. फ्रान्समध्यें व्हिएतानें १५९१ त आणि देकार्तनें १६३७ त राशींना अक्षरें देण्याची पद्धत रूढ केली. तीच पुढें मराठी शाळांत ‘समजा क्ष = ५’ अशा रूपानें आली. शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत त्या दोन रेघांचा अर्थ ‘डावी बाजू आणि उजवी बाजू समान आहेत’ असा पक्का ठसलेला असतो.

यंत्राच्या जगांत मात्र मूळ गरज निराळी होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत प्रा. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० सालीं कामास लागला. अशा आरंभींच्या यंत्रांना नांवें कळत नसत. स्मृतींत क्रमांक घातलेले कप्पे असत, आणि ‘अमक्या कप्प्यांतील संख्या उचल, तमक्या कप्प्यांत ठेव’ अशा आज्ञा अंकांतच द्याव्या लागत. कप्प्यांत नवी संख्या ठेवली कीं जुनी पुसली जाई. पाटीवर लिहिण्यासारखाच हा प्रकार. पाटी तीच, अक्षरें नवीं.

कप्प्यांचे क्रमांक ध्यानांत ठेवणें जिकिरीचें होतें. म्हणून जॉन बॅकस आणि त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनींत ‘फोरट्रान’ ही भाषा तयार केली. ती १९५७ सालीं बाहेर आली, आणि १९६४ त टाटा संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हें परदेशी यंत्र बसविलें गेलें तेव्हां मुंबईंतहि तिचा वापर होऊं लागला. या भाषेंत कप्प्यांस अक्षरांचीं नांवें देतां येऊं लागलीं, आणि कप्प्यांत संख्या ठेवण्याच्या आज्ञेसाठीं रेकॉर्डच्या त्याच दोन रेघा घेण्यांत आल्या. येथें पहिला घोटाळा जन्मास आला. ‘क्ष = क्ष + १’ हें वाक्य बीजगणितांत सरळसरळ खोटें आहे; कोणतीहि संख्या स्वतःहून एकानें मोठी असूं शकत नाहीं. यंत्राच्या भाषेंत तें नित्याचें वाक्य आहे. त्याचा अर्थ: क्ष या कप्प्यांतील संख्या घे, तींत एक मिळव, आणि उत्तर पुन्हां त्याच कप्प्यांत ठेव. येथें दोन रेघा समता सांगत नाहींत. ‘ठेव’ अशी आज्ञा करतात.

हा दोष जाणत्यांच्या लक्षांत आला नाहीं असें नाहीं. १९५८ च्या ‘अल्गोल’ भाषेंत समान-चिन्हापूर्वीं अपूर्णविराम देऊन ठेवण्याची आज्ञा वेगळी केली. १९६४ त अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत केमेनी आणि कुर्ट्झ यांनीं विद्यार्थ्यांसाठीं ‘बेसिक’ भाषा काढली. तिच्यांत आज्ञेच्या आरंभीं आपल्या ‘समजा’ सारखाच एक शब्द लिहावयाचा असे. परंतु बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं ‘बी’ भाषा रचतांना असा हिशेब केला कीं, समता तपासण्याच्या दुप्पट वेळां किंमत ठेवावी लागते. तेव्हां ठेवण्यास एक चिन्ह आणि तपासण्यास दोन चिन्हें असावीं. ‘बी’ मागून १९७२ च्या सुमारास ‘सी’ भाषा आली आणि तिच्या वळणावर पुढील बहुतेक भाषा गेल्या. त्यामुळें आजचा विद्यार्थी ‘साठा पूर्ण आहे काय’ असें विचारावयास जातो, एक चिन्ह कमी लिहितो, आणि प्रश्नाऐवजीं आज्ञा देऊन बसतो. ‘सी’ भाषेंत ही चूक निमूटपणें चालून जाते. ग्विदो व्हॅन रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पायथॉन’ भाषेंत अशा जागीं यंत्र तेथल्या तेथें अडतें. पायथॉनमध्यें अपूर्णविरामासहित चिन्ह आणावें कीं नाहीं, यावर २०१८ सालीं एवढा कडाक्याचा वाद झाला कीं, तो निर्णय दिल्यावर व्हॅन रॉसम यांनीं भाषेच्या नेतृत्वाचा भारच खालीं ठेवला. एका लहानशा चिन्हामागें किती इतिहास दडलेला असतो, त्याचें हें बोलकें उदाहरण होय.

पायथॉन, पर्ल, जावास्क्रिप्ट, बॅश यांना स्क्रिप्ट-भाषा म्हणतात. लिहिलेल्या आज्ञा दुभाषा कार्यक्रम तेव्हांच्या तेव्हां वाचतो आणि अंमलांत आणतो. आधीं कोणतीं नांवें वापरणार, त्यांत कोणत्या जातीच्या किंमती ठेवणार, याची यादी बहुधा द्यावी लागत नाहीं. शिकणाऱ्यास ही मोठीच सोय आहे, आणि याच सोयीच्या पोटीं दुसरी चूक वाढते. २००८ च्या अखेरीस आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरी नांवेंहि देतां येतात. समजा, विद्यार्थ्यानें ‘एकूण’ या नांवाखालीं शून्य ठेवून रोजची आवक मिळवीत जाण्याचें ठरविलें. मिळवणीच्या ओळींत त्यानें ‘एकुण = एकूण + आवक’ असें लिहिलें. मराठी वाचकास ही शुद्धलेखनाची किरकोळ चूक वाटेल. यंत्र मात्र ‘एकुण’ नांवाची दुसरीच जागा मुकाट्यानें निर्माण करतें, आणि शेवटीं ‘एकूण’ विचारलें कीं शून्य सांगतें. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीं ‘नांव’ लिहिणारा आणि नंतर ‘नाव’ लिहिणारा हे दोघेहि एकच शब्द लिहीत होते. यंत्रास ते दोन शब्द आहेत. उलट, जें नांव पूर्वीं कधींच आलें नाहीं त्याची किंमत मागितली, तर पायथॉन ‘नेमएरर’ म्हणून ओरडतो. ओरडणारी चूक ही विद्यार्थ्याची मित्रच होय. मुकी चूक घातक; तिच्यावर उपाय म्हणून १९९४ च्या पर्लमध्यें आणि पुढें २००९ मध्यें जावास्क्रिप्टमध्यें ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे कडक शिस्तीची सोय करण्यांत आली. ती शिस्त लावली कीं अघोषित नांव चालत नाहीं.

तिसरी चूक किंमतीच्या जातीची. भंडारदऱ्याच्या खालीं प्रवरेवरच निळवंडें धरण आहे. त्याची क्षमता ८,३२० दशलक्ष घनफूट. दोन्हींची बेरीज १९,३५९ व्हावी. विद्यार्थी पायथॉनमध्यें दोन्ही आंकडे वापरणाऱ्याकडून विचारून घेतो, मिळवितो, आणि उत्तर येतें ११०३९८३२०. यंत्रानें येथें बेरीज केलीच नाहीं. दोन चिठ्ठ्या शेजारीं शेजारीं चिकटविल्या. कारण माणसानें कळफलकावर टंकलेलें सर्व कांहीं पायथॉन अक्षरें म्हणूनच स्वीकारतो. त्यांचा अंक करून घेण्याची स्वतंत्र आज्ञा द्यावी लागते. त्या आज्ञेलाहि वर्तमानपत्री पद्धतीचा स्वल्पविराम खपत नाहीं; ‘११,०३९’ असें दिलें कीं ती नकार देते. गंमत अशी कीं, देवनागरी अंकांत टंकलेला आंकडा ती आज्ञा बिनतक्रार घेते, पण आज्ञावलीच्या मजकुरांत मात्र अंक इंग्रजी वळणाचेच लागतात. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिच्यांत अक्षरांतील पांचांत तीन मिळविले तर त्रेपन्न होतात, आणि त्याच पांचांतून तीन वजा केले तर दोन उरतात. अशा वेळीं उत्तराकडे पाहत बसण्यापेक्षां प्रत्येक किंमतीची जात यंत्रास विचारावी, म्हणजे घोटाळा क्षणांत उघडा पडतो.

चवथी चूक काळाची. ‘एकूण = भंडारदरा + निळवंडे’ असें एकदां लिहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं भंडारदऱ्याची किंमत बदलली, तर एकूण आपोआप बदलेल अशी विद्यार्थ्याची अपेक्षा असते. बीजगणितांत तसें झालें असतें, कारण तेथें समीकरण सदैव खरें असतें. १९७९ सालीं ‘व्हिजिकॅल्क’ पासून सुरू झालेल्या कोष्टकी हिशेबांतहि तसेंच होतें. पण येथें ती ओळ म्हणजे त्या क्षणीं दिलेली आणि त्या क्षणींच पुरी झालेली आज्ञा आहे. कालच्या पाण्याची बेरीज आजच्या पावसानें वाढत नाहीं. बेरीज नवी हवी असेल तर आज्ञाहि पुन्हां द्यावी लागते.

पांचवी चूक यांहून सूक्ष्म आहे. भंडारदऱ्याच्या जलाशयास आर्थर लेक असेंहि म्हणतात. भंडारदऱ्यांतून पाणी सोडलें आणि आर्थर लेक मात्र भरलेलें राहिलें, असें कोणी म्हणणार नाहीं. नांवें दोन, पाणी एक. पायथॉनमध्यें रोजच्या नोंदींची यादी ‘नोंदी’ नांवानें ठेवली आणि ‘जुन्या = नोंदी’ असें लिहिलें, तर विद्यार्थ्यास वाटतें कीं जुन्या नोंदी सुरक्षित झाल्या. वस्तुतः त्यानें त्याच यादीस दुसरें नांव दिलें. पुढें ‘नोंदी’मध्यें भर घातली कीं ‘जुन्या’मध्येंहि ती दिसते. खरी प्रत हवी असेल तर प्रत करण्याची आज्ञा स्पष्ट द्यावयास हवी. याच्या उलट प्रकारहि घडतो. अकोले तालुक्यांत पिंपळगांव खांड आहे आणि पिंपळगांव नाकविंदाहि आहे. जोडनांव सोडलें तर गांव ओळखूं येत नाहीं. आज्ञावलीच्या एका पोटविभागांत ठेवलेलें नांव आणि बाहेरचें तेंच नांव हीं अशींच दोन निराळीं गांवें असूं शकतात.

राहिली रिकाम्या जागेची गोष्ट. युनिक्स प्रणालींतील १९७९ च्या ‘बोर्न शेल’पासून चालत आलेल्या भाषांत समान-चिन्हाच्या आगेमागें जागा सोडणें हीच चूक ठरते, आणि ज्या नांवास किंमत दिलीच नाहीं तें नांव गुपचूप रिकामें समजलें जातें. या निमूटपणाची किंमत किती पडूं शकते, हें २०१५ च्या जानेवारींत दिसलें. लिनक्स संगणकांवर ‘स्टीम’ नांवाचें खेळांचें दालन चालविणाऱ्या स्क्रिप्टमध्यें एका चलांत ठराविक कप्प्याचा पत्ता असावयाचा, आणि त्या पत्त्याखालील सर्व कांहीं पुसून टाकण्याची एक आज्ञा होती. कांहीं परिस्थितींत तें चल रिकामें राहिलें. पत्ता नाहींसा झाला, पुसण्याची आज्ञा मात्र उरली; आणि वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फायली, जेथपर्यंत त्याचा अधिकार होता तेथपर्यंत, साफ पुसल्या गेल्या. आज्ञावलीच्या आरंभीं ‘किंमत नसलेलें नांव आलें तर थांब’ असें सांगणारी एक ओळ शेलमध्यें लिहितां येते. आणि पुसण्यापूर्वीं पत्ता रिकामा तर नाहीं, हें तपासणें तर केव्हांहि शक्य असतें.

नांव, जात, वेळ सर्व बरोबर असूनहि किंमत फसवूं शकते, कारण चलास मोजमापाचें एकक कळत नाहीं. भंडारदऱ्याचा साठा कोणी ११,०३९ दशलक्ष घनफूट सांगतो, तर कोणी ११.०३९ टी. एम. सी. म्हणजे सहस्र दशलक्ष घनफूट सांगतो. दोन्ही खरें. परंतु पहिल्या धरणाचा आंकडा टी. एम. सी. मध्यें आणि दुसऱ्याचा दशलक्ष घनफुटांत घेऊन बेरीज केली, तर उत्तर येतें ८,३३१.०३९, आणि यंत्र तें निर्विकारपणें छापून देतें. अमेरिकेचें ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हें यान २३ सप्टेंबर १९९९ रोजीं मंगळापाशीं पोंचून नष्ट झालें, तें याच जातीच्या चुकीमुळें. एका आज्ञावलीनें यानास मिळालेला धक्का पौंडांच्या मापांत दिला, दुसरीनें तो न्यूटनच्या मापांत आहे असें धरलें; आंकड्यांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक पडला. म्हणून अनुभवी लोक एककहि नांवांतच लिहितात: ‘साठा’ असें न म्हणतां ‘साठा_दशलक्ष_घनफूट’. नांव लांबतें, पण तें स्वतःविषयीं साक्ष देतें.

अशा चुका शोधण्याची रीत फार मोठी नाहीं. यंत्रानें चुकीचा निरोप दिला असेल तर तो खालून वर वाचावा. पायथॉनमध्यें चुकीचें कारण शेवटच्या ओळींत आणि तिचें ठिकाण तिच्या लगत वर असतें. निरोप नसेल आणि उत्तरच चुकलें असेल, तर संशयित ओळीच्या आधीं आणि नंतर त्या चलाची किंमत आणि जात छापून पाहावी. मग चार प्रश्न विचारावे: हें नांव मागें जसें लिहिलें अगदीं तसेंच येथें आहे काय? याची किंमत अंक आहे कीं अक्षरें? ती शेवटची केव्हां ठेवली गेली? आणि याच वस्तूस दुसरें एखादें नांव तर नाहीं? शंभर ओळींत चूक सांपडत नसेल, तर त्यांतील पांच ओळी वेगळ्या काढून त्यांवर प्रयोग करावा. नांव बदलावयाचें झाल्यास तें सर्वत्र बदलावें. २०२४ सालीं अहमदनगर जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. माणसें जुनें आणि नवें नांव एकाच जिल्ह्याचें म्हणून ओळखतात. आज्ञावलींत अर्ध्या ठिकाणीं जुनें आणि अर्ध्या ठिकाणीं नवें नांव राहिलें, तर यंत्रास तीं दोन निराळीं स्थळें वाटतील.

भास्कराचार्यांचें अव्यक्त स्थिर होतें आणि अज्ञात होतें; आजचा चल अस्थिर असतो, पण विचारील त्यास आपली किंमत तत्काळ सांगतो. शाळेंत पहिलें शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याकडे वळतो, तेव्हां त्याच्या हातून चुका होणें स्वाभाविक आहे. जुन्या गणितज्ञास उत्तर मिळेपर्यंत अव्यक्ताचें स्वरूप डोळ्यांनीं पाहण्याची सोय नव्हती. त्याला तर्कावरच चालावें लागे. नव्या विद्यार्थ्यास ती सोय हरघडी हाताशीं आहे. पुष्कळदां तो केवळ विचारावयाचें विसरतो, आणि आपल्या मनांतील किंमत तीच यंत्रांतील किंमत, असें धरून चालतो.

घरोघरीं मुलें आज ही विद्या शिकत आहेत, आणि चूक झाली कीं ‘मला हें जमणार नाहीं’ म्हणून बाजूला सरत आहेत. त्यांना वडील माणसांनीं एवढेंच सांगावें कीं, समान-चिन्हाचा हा घोळ यंत्राच्या जाणत्या कारागिरांनींच निर्माण केला आहे, आणि त्यावर त्यांच्यांत साठ वर्षें वाद झाले आहेत. मूल अडलेलें दिसलें तर संगणकाची विद्या न येणाऱ्या आईबापांनाहि त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारतां येईल: “या नांवांत या क्षणीं काय आहे, तें छापून पाहिलेंस का?” बहुतेक वेळां उत्तर त्या छापलेल्या ओळींतच सांपडतें.